घेतलं की राहिलं?

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी शेंगा फोडत बसला असाल, कुणी शिलाई मशीनवर असाल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही एका लहानशा प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. ज्या घरात कुणाला इन्शुलिन चालू आहे, त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी उठतोच. ताट वाढलेलं असतं, पहिला घास हातात असतो आणि मनात येतं, ‘अगं, सुई घेतली की राहिली?’

हा प्रश्न पडला म्हणून स्वतःला विसरभोळी ठरवू नका. रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच पद्धतीनं केलेलं काम मनात वेगळं उरत नाही. कालचं आणि आजचं एकमेकांत मिसळून जातं. दाराला कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, हेही आपल्याला आठवत नाही. फरक एवढाच, की कुलपाचं परत जाऊन बघता येतं. गॅसचं बटण हात लावून कळतं. सुईचं तसं नाही. हल्लीच्या सुया इतक्या बारीक असतात, की टोचल्याची खूण दिसत नाही. बाटलीतलं औषध सकाळपेक्षा कमी झालं की नाही, हे नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही. म्हणून या एका कामासाठी आठवणीवर विसंबायचं नाही. त्याची नोंद हवी, आणि ती त्याच क्षणी हवी. आजचं आमचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

चूक दोन्ही बाजूंनी महाग

आधी थोडं समजून घेऊ, की हे औषध एवढं नाजूक का आहे. आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. ती रक्तातून शरीराच्या पेशींमध्ये पोचवायचं काम इन्शुलिन करतं. निरोगी शरीरात पोटातली स्वादुपिंड नावाची ग्रंथी ते बनवते, आणि जेवढी गरज तेवढंच सोडते. काही जणांच्या शरीरात ते बनणंच बंद होतं. याला टाइप १ मधुमेह म्हणतात. तो बहुतेक वेळा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, आणि इन्शुलिन बाहेरून घेण्याला दुसरा इलाज नसतो. काही जणांच्या शरीरात ते बनतं, पण पुरत नाही किंवा नीट काम करत नाही. हा टाइप २. यातल्या अनेकांना काही वर्षं गोळ्या पुरतात, पुढे इन्शुलिन लागतं. काही बायकांना फक्त गरोदरपणात साखर वाढल्यामुळे ते घ्यावं लागतं.

शंभर वर्षांपूर्वी टाइप १ झालेलं मूल सहसा वर्ष-दोन वर्षांत जायचं. कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. पहिल्या सुईचा फारसा उपयोग झाला नाही. औषध आणखी शुद्ध करून १२ दिवसांनी परत दिलं, तेव्हा त्याच्या रक्तातली साखर उतरली. १४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस. तोच आता जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात.

म्हणजे हे औषध जीव वाचवणारं आहे. पण स्वादुपिंड जे काम आपोआप, मोजूनमापून करतं, ते आता आपल्याला हातानं करायचं आहे. मोजायचं आपण आणि लक्षात ठेवायचंही आपणच.

सुई राहिली तर साखर चढते. तहान लागते, सारखी लघवी होते, गळून गेल्यासारखं होतं. टाइप १ असलेल्यांच्या बाबतीत लागोपाठ सुया राहिल्या तर रक्तात आम्ल साठतं. पोटात दुखतं, उलट्या होतात, धाप लागते, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. असं दिसलं तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आणि सुई चुकून दोनदा घेतली गेली तर? तर साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक खवळते, चिडचिड होते, समोरचं धूसर दिसतं. त्याकडे लक्ष दिलं नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. हे काही मिनिटांत होऊ शकतं, झोपेतही होऊ शकतं. म्हणून ‘बहुतेक राहिलीच असेल, घेऊन टाकते’ हे वाक्य मधुमेहाच्या घरात सगळ्यात धोक्याचं आहे.

वही कशी असावी

आपल्याला नोंदी ठेवणं काही नवीन नाही. दूधवाल्याचा खाडा आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो. गॅसची टाकी कधी लावली, गाय कधी फळली, हे त्याच चौकोनांत लिहितो. बचतगटात तर नियमच असतो, की हप्ता दिला, वहीत चढला आणि सही झाली, तरच तो जमा. ‘मी दिले होते, आठवून बघा’ असं तिथे चालत नाही. इन्शुलिनलाही तोच नियम लावायचा.

त्यासाठी महाग काही लागत नाही. एक साधी वही घ्या. प्रत्येक पानावर सहा उभे रकाने आखा. पहिल्यात तारीख आणि वेळ. दुसऱ्यात सुईच्या आधी तपासलेली साखर, तपासली असेल तर. तिसऱ्यात इन्शुलिनचं नाव आणि किती युनिट घेतलं. चौथ्यात टोचल्याची जागा. पाचव्यात खाणं आणि काही वेगळं घडलं असेल तर ते. सहाव्यात सही. पाचव्या रकान्यात लांबलचक लिहायचं नाही. ‘जेवण उशिरा’, ‘खुरपणीला गेले’, ‘ताप’, ‘पाळी’, ‘लग्नात जेवण’ एवढं पुरे.

आता या वहीचे चार नियम.

पहिला, वही औषधाजवळ राहील. औषध स्वयंपाकघरात आणि वही कपाटात असं झालं, की नोंद ‘नंतर करू’वर जाते. वहीला दोऱ्यानं पेन बांधून टाका, म्हणजे नातवंडं ते पळवणार नाहीत.

दुसरा, सुई आधी आणि लगेच सही. आधीच लिहून ठेवायचं नाही. तुम्ही लिहिलं, तेवढ्यात दारात कुणी आलं, दूध उतू गेलं, सुई राहून गेली, तर वही खोटं बोलेल. खोटी वही नसलेल्या वहीपेक्षा वाईट.

तिसरा, ज्याचा हात, त्याची सही. आजीला सकाळी सून सुई देते, कधी मुलगा देतो. सून गोठ्यात गेली म्हणून मुलगा देऊन जातो आणि सून परत येऊन पुन्हा देते. दोघांचंही प्रेमच असतं, पण आजीच्या अंगात दुप्पट औषध जातं. म्हणून देणाऱ्यानं आधी वही बघायची, मग सुई, मग सही. आजीला विचारून भागवायचं नाही, कारण आजीही ‘दिलं वाटतं बाई’ असंच म्हणणार.

चौथा, राहिलेली सुईही लिहायची. रकाना कोरा सोडला तर ‘घेतलं पण लिहिलं नाही’ की ‘घेतलंच नाही’ हे कळत नाही. राहिली तर स्पष्ट ‘राहिली’ असं लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वही शाळेच्या मास्तरांना दाखवायची नसते, डॉक्टरांना दाखवायची असते. त्यांना खरं कळलं तरच औषध नीट बसवता येतं. राहिलेल्या सुया लपवल्या तर डॉक्टरांना वाटतं, की एवढं औषध देऊनही साखर उतरत नाही. मग ते मात्रा वाढवतात. आणि ज्या दिवशी तुम्ही ती वाढलेली मात्रा न चुकता घेता, त्या दिवशी साखर एकदम खाली जाते.

लिहिता येत नसेल तर

आता काही जणी म्हणतील, आम्हाला लिहिता येत नाही. त्यांच्यासाठीही उपाय आहेत. कॅलेंडरच्या चौकोनात सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्रकोर घरातल्या मुलाकडून महिनाभराची काढून घ्या. सुई घेतली की त्यावर फुली मारा. याहून सोपं हवं असेल तर दोन वाट्या आणि चिंचोके. दिवसाला दोन सुया असतील तर रविवारी रात्री आठवड्याचे १४ चिंचोके मोजून एका वाटीत ठेवा. सुई घेतली, की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. सोमवारी सकाळची सुई झाल्यावर पहिल्या वाटीत १३ उरायला हवेत, रात्रीची झाल्यावर १२. शंका आली, की मोजायचे. वाट्या मात्र उंच फळीवर ठेवा. पोरांनी चिंचोके खेळायला नेले, तर हिशेबही गेला.

मोबाइलचा गजर लावणाऱ्यांना एक सांगायचं आहे. गजर वेळ झाली एवढंच सांगतो. तुम्ही सुई घेतली की नाही, हे त्याला कळत नाही. गजर बंद करून ‘दोन मिनिटांत घेते’ म्हणालात, की तो गजर वाया गेला. गजर वाजत असताना उठायचं, सुई घ्यायची आणि मगच तो बंद करायचा. पेन वापरत असाल, तर आकडा लावल्यावर पेनचा फोटो काढून ठेवता येतो. फोटोवर तारीख-वेळ आपोआप राहते. पण फोटो पेन लावल्याचा पुरावा असतो, टोचल्याचा नव्हे. म्हणून फुली किंवा सही हवीच.

बाटलीसुद्धा साक्ष देते

वही बरोबर आहे का, हे तपासायला घरातच दुसरा साक्षीदार असतो. तो म्हणजे औषधाची बाटली. आपल्याकडे इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या १० मिलिलिटरच्या आणि ४० ताकदीच्या असतात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, पूर्ण बाटलीत ४०० युनिट. समजा, एका काकूंना सकाळी १६ आणि रात्री १० युनिट सांगितले आहेत. दिवसाचे झाले २६. चारशेला २६ नी भागलं, की बाटली साधारण १५ दिवस पुरायला हवी. ती २० दिवस पुरली, तर सुया राहिल्या आहेत किंवा कमी भरल्या जात आहेत. १२ दिवसांतच संपली, तर जास्त औषध जात आहे किंवा वाया जात आहे. दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालायला हव्यात.

पेनचा हिशेब थोडा वेगळा. पेनच्या नळीत सहसा ३ मिलिलिटर औषध असतं आणि ताकद १०० असते, म्हणजे ३०० युनिट. शिवाय दर वेळी टोचण्याआधी दोन युनिट हवेत उडवून सुईतून थेंब येतो का, हे बघायचं असतं. म्हणून त्याच काकूंचे दिवसाला २६ अधिक ४, असे ३० युनिट संपतील आणि नळी १० दिवस जाईल. हे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमची मात्रा डॉक्टरांनी तुम्हाला सांगितली असेल तीच.

नवी बाटली फोडली, की तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरायची, पाकिटातल्या माहितीपत्रकात वेगळं दिलं नसेल तर. ज्यांची मात्रा कमी आहे, त्यांच्या बाटलीत महिन्यानंतरही औषध उरलेलं असतं. ते टाकून द्यायला जीव होत नाही, पण त्याची ताकद कमी झालेली असू शकते. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्शुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं नसतं. फ्रीज नसेल किंवा वीज टिकत नसेल, तर पसरट मडक्यात ओली वाळू भरा, तिच्यात लहान मडकं बसवा. बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून त्या आतल्या मडक्यात ठेवा आणि सावलीत झाकून ठेवा. वाळू ओली ठेवायला विसरू नका. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा चुलीजवळच्या फळीवर मात्र औषध ठेवू नका.

पहिलं पान

वहीचं पहिलं पान रोजच्या नोंदीचं नाही. ते अडचणीच्या वेळी कुणीही उघडून वाचावं म्हणून आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: कुणाची वही, इन्शुलिनचं पूर्ण नाव, किती युनिट, कधी, जेवणाआधी किती वेळ, आणि डॉक्टरांचा फोन.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट हवी, बाटलीची ताकद आणि सिरिंजचा रंग. ४० ताकदीच्या बाटलीसाठी वेगळी सिरिंज असते, तिचं टोपण लाल असतं. १०० ताकदीसाठी वेगळी, तिचं टोपण नारिंगी. शंभर ताकदीचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर आकडा बरोबर दिसूनही अडीच पट औषध अंगात जाईल. उलट झालं तर निम्म्याहूनही कमी. मेडिकल दुकानातून दुसऱ्या कुणाला सिरिंज आणायला पाठवाल, तेव्हा जुनी सिरिंज आणि बाटलीचं खोकं सोबत द्या. ‘शुगरची सुई’ एवढं सांगून पाठवू नका.

पहिल्या पानावरची शेवटची ओळ म्हणजे आजच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. घेतलं की राहिलं, हे कळतच नसेल तर काय करायचं? वही बघायची, चिंचोके मोजायचे, घरातल्यांना विचारायचं. तरीही शंका उरली, तर पुन्हा टोचायचं नाही. घरात यंत्र असेल तर साखर तपासायची, दोन-तीन तासांनी परत तपासायची, आणि पुढची सुई तिच्या ठरलेल्या वेळी ठरलेली तेवढीच घ्यायची. टाइप १ असलेल्यांनी मात्र त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा, कारण त्यांना इन्शुलिनशिवाय फार वेळ काढता येत नाही.

राहिलीच आहे हे नक्की असेल, तर काय करायचं ते औषधाच्या जातीवर ठरतं. काही इन्शुलिन जेवणापुरतं काम करतं, काही अर्धा दिवस, काही दिवसभर. म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा एवढं विचाराच, ‘डॉक्टर, माझी सुई राहिली आणि दोन तासांनी आठवली, तर मी काय करू?’ त्यांचं उत्तर तिथेच पहिल्या पानावर लिहून घ्या. एक नियम मात्र सगळ्यांना सारखा. सकाळची राहिली म्हणून रात्री दुप्पट घ्यायची नाही.

आणि दोनदा घेतली गेली, हे लक्षात आलं तर? घाबरून बसू नका, पण एकटीही राहू नका. साखर तपासा, काहीतरी खाऊन घ्या, डॉक्टरांना फोन करा. त्या रात्री कुणीतरी शेजारी झोपावं आणि मधे उठून साखर बघावी. साखर ७० च्या खाली आली किंवा थरथर, घाम सुरू झाला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या. १५ मिनिटांनी परत तपासा. अजून खालीच असेल, तर परत तेवढीच साखर द्या. बरं वाटलं, की भाकरी किंवा पोळी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

वही वाचायची कशी

नोंद ठेवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे आठवड्यातून एकदा वही उघडून वाचणं. मघाच्याच काकूंची वही डोळ्यांसमोर आणू. त्या सकाळी साडेसातला सुई घेतात. अर्ध्या तासानं नाश्ता. दुपारी बाराला जेवण. सगळं ठीक चाललेलं. पण वहीत तीन दिवस दुपारी १ च्या सुमाराला ‘थरथर, गूळ खाल्ला’ असं लिहिलं आहे. त्याच तीन दिवसांपुढे ‘खुरपणीला गेले, जेवण २ ला’ असंही लिहिलेलं आहे. नुसती आठवण असती, तर काकू डॉक्टरांना म्हणाल्या असत्या, ‘अधूनमधून गरगरतं.’ वही बघून डॉक्टरांना लगेच कळतं, की सकाळचं औषध दुपारी जोरात असतं, त्या वेळी काकू रानात राबतात आणि जेवण दोन तास लांबतं. मग उपायही नेमका निघतो. कामाच्या दिवशी डबा वेळेवर उघडायचा, साडेदहाला काहीतरी खायचं किंवा त्या दिवसाची सकाळची मात्रा डॉक्टर बदलून देतील. आपल्या मनानं मात्रा बदलायची नाही.

दवाखान्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक रक्ततपासणी करतात. तिचा आकडा उपयोगाचा असतो, पण तो दुपारी एकची थरथर सांगत नाही. ती फक्त वहीतच दिसते.

जागेचा रकानाही असाच बोलतो. पोट, मांडीची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू आणि कुल्ले या सुईच्या जागा. बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब राहायचं. सवयीनं एकाच ठिकाणी टोचत राहिलं, की तिथे चरबीची मऊ गाठ येते. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. पण त्या गाठीत औषध कधी शोषलं जातं, कधी जात नाही. मग साखर आज ९०, उद्या २६० असे झोके घेते आणि कारण सापडत नाही. वहीत पंधरा दिवस ‘पोट डावं, पोट डावं’ दिसलं, की समजायचं, जागा बदलायची वेळ झाली. दर वेळी आधीच्या जागेपासून निदान बोटभर अंतर सोडा. गाठ असेल तर ती जागा सोडून द्या आणि डॉक्टरांना सांगा. गाठीवरून चांगल्या जागेवर गेल्यावर तीच मात्रा जास्त लागू पडू शकते.

तिची सुई सगळ्यांत शेवटी

आता थोडं आपल्या स्वतःबद्दल. घरातल्या बाईला सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ पाठ असते, मुलाच्या लसीची तारीख माहीत असते. पण तिची स्वतःची सुई सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर, धुणं वाळत घालून झाल्यावर येते. काही वेळा येतच नाही. कधी सुई घेतलेली असते, पण सगळ्यांना वाढून होईपर्यंत स्वतःचं जेवण तासभर लांबतं. इन्शुलिन तोवर थांबत नाही. ते आत गेलं, की कामाला लागतं. ज्या बाईनं सुई घेतली आहे, तिनं ठरलेल्या वेळी जेवलंच पाहिजे, मग पंगत कुणाचीही असो. हे ऐकणाऱ्या भाऊंनी आणि सासूबाईंनीही लक्षात ठेवावं. वहीत सुईची वेळ आणि जेवणाची वेळ शेजारी-शेजारी लिहिली, की कुणाचं जेवण थांबतंय, हे घरातल्या सगळ्यांना दिसतं.

उपासाचंही तसंच. एकादशी, हरितालिका, नवरात्र येण्याआधीच डॉक्टरांशी बोला. उपास करायचा का, आणि केला तर मात्रा किती. निर्जळी उपास आणि नेहमीची मात्रा ही जोडी धोक्याची आहे. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपासात साखर उलट चढते. आजारपणात तर जास्तच जपायचं. ताप-उलट्या असताना ‘काही खाल्लं नाही, मग सुई कशाला’ असं वाटतं. पण आजारपणात साखर न खाताही वाढू शकते. टाइप १ असलेल्यांनी इन्शुलिन मनानं पूर्ण बंद कधीच करायचं नाही. साखर तपासत राहायची आणि मात्रा फोनवर विचारून घ्यायची.

एक अवघड गोष्टही बोलून टाकू. काही मुली लग्नानंतर सासरी इन्शुलिन लपवून घेतात. न्हाणीघरात, अंधारात, घाईघाईनं. तिथे वही कुठून येणार? लपवलेल्या सुईची नोंद होत नाही. राहिली तर कुणी आठवण करत नाही, आणि साखर खाली जाऊन ती पडली, तर तिला काय झालंय, हे कुणालाच कळत नाही. मधुमेह हा मुलीचा गुन्हा नाही. लग्न ठरवताना ही गोष्ट मोकळेपणानं सांगावी. आणि ज्या घरात अशी सून आली आहे, त्या घरानं तिची वही तिच्या हक्कानं स्वयंपाकघराच्या फळीवर राहू द्यावी. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ती वही हातात घेऊन ‘यात काय काय लिहायचं, मलाही सांग’ एवढं म्हटलं, तरी त्या मुलीचा अर्धा भार उतरेल.

शाळेत जाणाऱ्या मुलाचीही एक छोटी वही दप्तरात हवी. पहिल्या पानाची नक्कल वर्गशिक्षकांकडे द्या. खिशात साखरेची पुडी असू द्या, आणि ती खायला शिक्षकांनी अडवू नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर किंवा घंटागाडीत सुट्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत साठवा आणि भरली, की दवाखान्यात विचारून तिथे जमा करा. कचरा उचलणारी बाईसुद्धा कुणाची आई असते.

तर मैत्रिणींनो, आज जेवणं झाली, की दहा मिनिटं काढा. मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं शिवून घेतली तरी चालतील. सहा रकाने आखा, पहिलं पान भरा, दोऱ्यानं पेन बांधा. घरात कुणाला इन्शुलिन नसेल, तर शेजारी ज्यांना आहे, त्यांच्याकडे जा आणि त्यांची वही आखून द्या. हा भाग ऐकताना काही निसटलं असेल, किंवा वहीत कुठला रकाना लिहायचा असा प्रश्न असेल, तर केंद्रावर येऊन सांगा. आशाताईंना आणि दवाखान्यातल्या सिस्टरांना विचारून आम्ही पुढच्या बुधवारी त्याचं उत्तर देऊ.